मुद्रितशोधनाचा धंदा आणि मनाची उमेद



पुस्तक छापून हातीं येतें तेव्हां त्यावर लेखकाचें नांव असतें, प्रकाशकाचें असतें, छापखान्याचें असतें. मुखपृष्ठाचें चित्र काढणाऱ्याचेंहि असतें. परंतु एकाच माणसाचें नांव पहिल्या प्रकरणांत सदाशिव व सातव्या प्रकरणांत सखाराम झालें होतें तें ज्यानें पकडलें, कर्ता एका ओळींत आणि क्रियापद सहा ओळींपलीकडे अशी झालेली ताटातूट ज्यानें मिटविली, ऱ्हस्वदीर्घांची घडी ज्यानें नीट बसविली, त्या माणसाचें नांव त्या पुस्तकांत बहुधा कोठेंच नसतें. त्यास कोणी मुद्रितशोधक म्हणतात, कोणी संपादक म्हणतात. पूर्वीं हें काम छापखान्यांत, खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरच्या शेजारीं पगारावर बसून होत असे. आतां खिळे गेले, संगणक आले, आणि त्याबरोबर हें काम पुष्कळ अंशीं छापखान्याबाहेर पडून ज्याच्या त्याच्या घरीं, पानामागें दर ठरवून होऊं लागलें आहे. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या तोंडाशीं बसूनहि पुण्याचें पुस्तक तपासतां येतें, ही गोष्ट माझ्या लहानपणीं कोणी सांगितली असती तर आम्ही ती थट्टा समजलों असतों.

मी शिक्षणानें केवळ मॅट्रिक. पुढें अध्यापनाची पदविका घेऊन सारा जन्म प्राथमिक शाळेंत गेला, आणि निवृत्त झाल्यावर मी हें काम करूं लागलों. त्याच्या तंत्राविषयीं आज मला फारसें सांगावयाचें नाहीं. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ज्याच्या मेजावर आहे त्यास माझ्या उपदेशाची गरज नाहीं. मला बोलावयाचें आहे तें निराळ्याच गोष्टीविषयीं. असा धंदा आरंभिल्यावर पहिल्या वर्षांतच मनाची उमेद कां खचते, आणि ती टिकवावी कशी?

हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा आहे. तिनें मुंबईंत नऊ वर्षें हेंच काम पगारावर केलें होतें. आईच्या आजारपणामुळें तिला गांवीं परत यावें लागलें, तेव्हां तिनें घरींच धंदा मांडला. दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशीं ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, काम मला येतं. पण बसवतच नाहीं. सकाळीं उठतें, फाइल उघडतें, अन् उठून भांडीं घासायला जातें. मार्चपर्यंत जमलं नाहीं तर मुंबई गांठायची, असं ठरवलंय. मग आईचं काय, तें मात्र ठरत नाहीं."

जी मुलगी नऊ वर्षें वक्तशीरपणें कामावर जात होती ती घरीं येतांच आळशी झाली, असें म्हणणें मला पटेना. मग झालें काय? माझ्या मतें असें, कीं पगाराच्या नोकरींत आपल्या दिवसाला पुष्कळ लोकांचे हात लागलेले असतात. गाडीची वेळ असते, हजेरीपट असतो, शेजारच्या खुर्चीवर बसणारा मनुष्य असतो, दुपारीं चहा आणणारा पोऱ्या असतो. मन लागो अथवा न लागो, शरीर जागेवर नेऊन बसविण्याची व्यवस्था दुसऱ्यांनीं केलेली असते. आणि एकदां शरीर बसलें कीं घटकाभरानें मनहि त्याच्या शेजारीं येऊन बसतें. शाळामास्तरांस हें चांगलें ठाऊक आहे. सकाळच्या पहिल्या तासाला वर्गांत जाणाऱ्या मास्तराच्या अंगीं रोज उत्साह सळसळत असतो, असें कोणी समजूं नये. घंटा होते म्हणून तो जातो, आणि फळ्यावर तारीख लिहून झाली कीं उत्साह येतो. घरच्या धंद्यांत घंटाच नसते. ती आपण बनवावी लागते, आणि तेंहि ज्या दिवसांत धंद्याचें बाकी सारेंच बनवावयाचें असतें त्याच दिवसांत.

त्यांत घरच्यांची व शेजाऱ्यांची भर पडते. घरीं बसलेला मनुष्य हा रिकामा मनुष्य, अशी आपल्याकडे सर्वांची समजूत. "घरींच आहेस ना, जरा रेशन घेऊन ये," हें वाक्य तिला दिवसांतून कितीदां ऐकावें लागे, याची मीं तिला एकदां मोजदाद करावयास सांगितली. ती म्हणाली, पहिल्याच दिवशीं पांच. स्त्री असली तर हा आंकडा दुप्पट होतो, हें निराळें सांगावयास नको. यावर उपाय एकच. वेळ जाहीर करणें. तिनें सकाळीं सात ते दहा व दुपारीं दोन ते चार अशी वेळ एका पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावली. शेजारणी आठवडाभर हसल्या. मग त्याच आपल्या मुलांना "ताई कामावर आहे" असें सांगूं लागल्या. पाटी दाराबाहेर असली तरी तिचा खरा परिणाम दाराच्या आंत होतो, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे.

उमेद खचण्याचें दुसरें कारण या कामाच्या स्वभावांतच आहे. शिंप्यानें सदरा शिवला तर तो दिसतो. मास्तरानें मूल वाचतें केलें तर तें मूल समोर वाचतें. मुद्रितशोधकाचें काम उत्तम झालें तर कांहींच दिसत नाहीं, कारण चूक नसणें हेंच त्याचें काम. उलट चारशें पानांत एक चूक राहिली तर नेमकी तीच दिसते, आणि तिच्याविषयीं पत्र येतें. असें काम महिनोन् महिने केल्यावर, आपण कांहीं करतों आहोंत कीं नाहीं, असा मनाला संशय येऊं लागला तर त्यांत नवल नाहीं. म्हणून मीं तिला एक वही घालावयास सांगितली. तारीख, पुस्तक, पान, काय होतें आणि काय केलें, एवढेंच तींत लिहावयाचें. महिन्याभरानें तिनें ती मला दाखविली. कोठें 'दिन' हवा तेथें 'दीन' होता, कोठें 'सुत' हवा तेथें 'सूत' होतें. एका घराण्याच्या इतिहासांत आजोबा जन्मण्यापूर्वींच वारले होते. आणि शेतकीच्या एका पुस्तिकेंत खताचें प्रमाण मजकुरांत एकरीं ५० किलो व कोष्टकांत ५०० किलो पडलें होतें. ती नोंद वाचल्यावर मीं तिला विचारलें, ही पुस्तिका कोणाच्या हातांत पडणार होती? ती कांहीं बोलली नाहीं. परंतु त्या नोंदीखालीं तिनें तांबड्या शाईनें रेघ ओढली. अशा वहीचा दुसराहि एक उपयोग आहे. कोणत्या लेखकाला कोणती खोड आहे तें तींत आपोआप जमत जातें, आणि त्याचें दुसरें पुस्तक आलें कीं निम्मा वेळ वांचतो.

हल्लीं एक नवीनच शंका या धंद्यांतील लोकांना ग्रासते. संगणकच आतां शुद्धलेखन तपासतो, वाक्यें फिरवून देतो. मग आपली गरज काय? यंत्रानें बरेंच काम हलकें केलें आहे हें नाकारण्यांत अर्थ नाहीं, आणि जो नाकारील तो मागें पडेल. परंतु 'दिन' व 'दीन' हे दोन्ही शब्द यंत्राला शुद्धच दिसतात, आणि तानाजी मालुसऱ्यांचें 'उमरठ' हें गांव त्याला अशुद्ध वाटून तें खालीं तांबडी रेघ ओढतें. पांचशें किलो खत शेतांत पडल्यावर काय होतें, हें ज्यानें शेत पाहिलें आहे त्याला चटकन् खटकतें. यंत्रानें शंका काढाव्या, निर्णय माणसानें द्यावा, अशी वांटणी करून मीं काम चालविलें आहे. तूर्त तरी ती मला पुरते.

परंतु सर्वांत अवघड काळ तो, जेव्हां कामच हातीं नसतें. तो कसा काढावा, याचें उत्तर शोधतांना मला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन हे गृहस्थ १९१२ सालीं परत आले, आणि मराठींत ज्ञानकोश करावयाचा असें त्यांनीं मनांत घेतलें. राजाश्रय नाहीं, घरची श्रीमंती नाहीं. त्यांनीं भागभांडवलाची मंडळी उभी केली, गांवोगांव हिंडून वर्गणीदार मिळविले, आणि १९२० ते १९२७ या काळांत ज्ञानकोशाचे २३ खंड महाराष्ट्राच्या हातीं दिले. या खटाटोपाची हकीकत त्यांनीं स्वतःच 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकांत लिहून ठेवली आहे. मराठींत ग्रंथसंपादन हा व्यवसाय म्हणून उभारूं पाहणाऱ्या प्रत्येकानें तें पुस्तक मिळवून वाचावें, असें मला वाटतें. कारण त्यांत विद्वत्तेपेक्षां व्यवहारच अधिक आहे.

केतकरांच्या हाताखालीं तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांची गोष्ट तर आमच्या प्रश्नाला अधिकच जवळची. ज्ञानकोश पुरा झाला, म्हणजे त्याबरोबर तेथील कामहि संपलें. हातीं राहिला तो अनुभव. त्या भांडवलावर त्यांनीं सहकाऱ्यांसह 'महाराष्ट्र शब्दकोश' हातीं घेतला, आणि १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत त्याचे सात विभाग प्रसिद्ध केले. आजहि एखाद्या जुन्या शब्दाचें मूळ हवें झालें कीं आम्ही तेच विभाग उघडतों.

या लोकांची उमेद जात्याच दांडगी होती, असें म्हणून आपण मोकळे होतों. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्याकडून वर्गणी घेतली तो वर्गणीदार खंडाची वाट पाहत असतो. आज मन लागत नाहीं, हें कारण त्याला सांगतां येत नाहीं. म्हणजे शाळेंत जी घंटा शिपाई वाजवितो, ती केतकरांनीं वर्गणीदारांच्या हातीं देऊन ठेवली होती. आपला धंदा लहान असला तरी हें करतां येतें. काम असेल तर तारीख स्वतः होऊन कळवावी, आणि पुस्तक पुरें होईपर्यंत थांबण्यापेक्षां दर आठवड्याला एक प्रकरण धाडावें. काम नसेल तर एखाद्या वाचनालयाच्या वार्षिक अहवालाचें, एखाद्या शाळेच्या हस्तलिखित अंकाचें काम अल्प मोबदल्यावर घ्यावें, पण तारीख मात्र ठरवूनच घ्यावें. आम्हीं दोघांनीं आणखी एक युक्ति केली. रोज सायंकाळीं ती मला फोनवर फक्त आंकडा कळविते, "गुरुजी, आज चौदा." मीहि माझा आंकडा सांगतों. शाबासकी नाहीं, चौकशी नाहीं. कोणीतरी आंकड्याची वाट पाहत आहे, एवढें पुरे असतें. ज्या दिवशीं तिला "आज शून्य" सांगावें लागलें, त्याच्या दुसऱ्या दिवशीं आंकडा एकवीस होता.

आमच्या मुलखांत तर ग्रंथ आणि ग्रंथशोधक यांची आठवण पावलोपावलीं आहे. 'शिवभारत' लिहिणारे कवींद्र परमानंद यांची समाधि पोलादपुरासच आहे. त्यांच्या ग्रंथाची प्रत कावेरीकांठीं तंजावरास पडून होती. ती सदाशिव महादेव दिवेकर यांनीं उजेडांत आणली, आणि १९२७ सालीं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें ती प्रसिद्ध केली. एकतीस अध्याय पूर्ण व बत्तिसावा अर्धवट, असा तो ग्रंथ आहे. पुढचें दिवेकरांनीं पदरचें घातलें नाहीं, जेथें तुटला तेथें तुटलेलाच छापला. संपादकाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. आणि आंबेनळीनें वर चढून महाबळेश्वर, पांचगणी ओलांडून खालीं उतरलें कीं वाई. जेथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें व १९७६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला.

हें सारें मीं तिला सांगितलें होतें. पण खरें सांगावयाचें तर अशा थोर गोष्टींनीं मनाला एक सायंकाळ पुरेल इतकेंच बळ मिळतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां फाइल उघडावयाचा प्रश्न जेथल्या तेथेंच असतो. तेथें परमानंदांपेक्षां लावणीच्या बायका अधिक उपयोगीं पडतात. उद्यांच्या खाचराच्या बांधाशीं त्या रोपांच्या जुड्या आदल्या सायंकाळींच टाकून ठेवतात. सकाळीं चिखलांत पाय घालतांच हाताला जुडी सांपडते, विचार करावा लागत नाहीं. तद्वत् सायंकाळीं उठतांना पान पुरें करून उठूं नये. चार ओळी ठेवाव्या, आणि कोठें काय शंका आहे तें समासांत लिहून ठेवावें. सकाळचें पहिलें काम आयतें सांपडतें, आणि दहा मिनिटांत गाडी चालूं लागते.

कित्येकदां तर उमेद खचलेलीच नसते, डोळे थकलेले असतात, आणि आपण दोघांत गल्लत करतों. सवयीच्या मजकुरावरून डोळा घसरत जातो. अक्षर न वाचतां तो अर्थ वाचूं लागतो, आणि शेजारची चूक गिळतो. म्हणून अर्थासाठीं एक वाचन व अक्षरांसाठीं दुसरें, अशीं दोन निरनिराळीं वाचनें करावीं. आंकडे, सनावळ्या व विशेषनामें यांचें तिसरें. पाऊण तासानंतर उठून पाणी प्यावें, समोरचा डोंगर पाहावा. आमच्या येथें डोंगराला तोटा नाहीं.

येथें थोडें विषयांतर करतों. हें भाषण छापून येईल तेव्हां वाचकांना दिसेल कीं मी अजून जुन्या वळणाचे अनुस्वार देतों. वडिलांच्या पत्रांनीं व जुन्या पुस्तकांनीं हाताला लागलेली ती सवय आहे. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालीं मान्य झाले, १९७२ सालीं त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले, आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार छापील मराठींतून गेले. दुसऱ्याचें पुस्तक तपासतांना मी ते नियम कांटेकोरपणें पाळतों, आणि माझा एकहि अनुस्वार तेथें सोडीत नाहीं. स्वतःची आवड घरीं, गिऱ्हाइकाचें पुस्तक त्याच्या रीतीनें. ज्याला हें साधत नाहीं तो लेखकाशीं भांडत बसतो, आणि भांडणानें जितकी उमेद खर्च होते तितकी कामानें होत नाहीं.

आतां पैशाचें. आम्हां मास्तर लोकांना मोबदला मागतांना जीभ जड होते, आणि ज्या कामाचे पैसे मिळतील कीं नाहीं याची खात्री नसते त्या कामाला हात घालवत नाहीं. उमेद नाहीं म्हणून जें सांगितलें जातें त्यांतलें बरेंच हें असतें. एका प्रकाशकानें 'नमुना' म्हणून माझ्याकडून एकशेंसाठ पानें तपासून घेतलीं व पुढें पत्रास उत्तरहि दिलें नाहीं. तेव्हांपासून नमुना म्हणजे दोन पानें, अधिक नाहीं. दर, शब्दसंख्या, वाचनें किती, काम द्यावयाची तारीख आणि पैसे यावयाची तारीख, हें सर्व आधीं लेखी ठरवावें. तिसरा हिस्सा आगाऊ घ्यावा. पान हें मापहि फसवें आहे, अक्षर बारीक केलें कीं पानें घटतात. म्हणून अडीचशें शब्द म्हणजे एक पान असें आरंभींच ठरवून टाकावें.

त्या मुलीचा खरा घोर मार्च महिन्याचा होता. आम्हीं एके दिवशीं कागद घेऊन बसलों. समजा महिन्याला ९,००० रुपये हवेत, आणि दर पानाला ३० रुपये. म्हणजे ३०० पानें. महिन्याचे २५ दिवस कामाचे धरले तर रोज १२ पानें. "बाराच?" ती म्हणाली. नऊ हजारांची चिंता रात्रीं झोंप येऊं देत नाहीं; बारा पानें मात्र करून टाकतां येतात. अर्थात् गिऱ्हाइकें मिळतील तेव्हांच हा हिशेब खरा. परंतु किती गिऱ्हाइकें हवींत हेंहि त्या दिवशींच तिला प्रथम कळलें. वर्षाला तीनशें पानांचीं बारा पुस्तकें. त्यांपैकीं दोन तिच्या हातांत होतीं.

आमच्या मुलखापुरती एक सूचना राहिली. येथें पावसाळा हा धंद्यांतला भागीदार आहे, आणि तो फार लहरी आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत तळिये, केवनाळे, सुतारवाडी येथें दरडी कोसळून माणसें गेलीं, आणि आंबेनळीचा रस्ताहि तुटला. इतकें भयंकर नसलें तरी दर आषाढांत वीज जाते, फोनची रेंज जाते, आणि पुण्याच्या प्रकाशकाला वाटतें कीं आपला मनुष्य नाहींसा झाला. म्हणून जून ते सप्टेंबर लांब मुदतीचींच कामें घ्यावीं, मजकूर कागदावर छापून घरांत आणून ठेवावा, आणि ही अडचण गिऱ्हाइकाला मे महिन्यांतच कळवावी.

यंदा तिनें तसेंच केलें. मार्च उलटला, मुंबईचें तिकीट काढलें गेलें नाहीं. आषाढांत वीज चार दिवस गेली तेव्हां महाडाहून छापून आणलेलीं पानें तिनें दिवसा खिडकींत बसून तपासलीं. आई शेजारीं पडून आंकडे मोठ्यानें वाचून दाखवी व ती ताडून पाही. पांचव्या दिवशीं रेंज आली आणि मला फोन आला, "गुरुजी, चार दिवसांचे मिळून शहाण्णव." त्या कामाचे दोन हप्ते आले आहेत. तिसरा यावयाचा आहे, आणि त्याबद्दलचें दुसरें स्मरणपत्र तिनें परवांच धाडलें.